रेंजवर रडार क्रोनोग्राफ: वेग मोजायला लागल्यापासूनचा आमचा अनुभव

जांभा_चिरा

नमस्कार मंडळी. या विभागात नेमबाजीवर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून धागा काढावा की नाही या विचारात महिना गेला. पण जे घडलं ते लहान क्लब चालवणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं असं मनापासून वाटतं.

रत्नागिरीच्या बाहेर, पूर्वी आंब्याच्या पेट्या भरायच्या त्या शेडमध्ये आमची दहा मीटरची एअर रायफल रेंज आहे. चार लेन, पुलीवरची कागदी टार्गेटं, वर पत्रा, बाजूला चिऱ्याची भिंत. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं आणि त्यानंतर आमच्याकडे मुलांची रीघ लागली. घाटावरच्या कांबळवाडीचा मुलगा ऑलिंपिकचं पदक आणतो, मग आपलं पोर का नाही, असं म्हणत आई-वडील स्वतः घेऊन यायचे.

त्यातली एक मुलगी दहावीत आहे. शांत, हात स्थिर, श्वासावर ताबा. पण तिची एक अडचण होती. साठ शॉटची मॅच आम्ही दहा-दहाच्या सहा मालिकांत घेतो. प्रत्येक मालिकेनंतर ती दोन-तीन मिनिटं रायफल स्टँडवर ठेवते, पाणी पिते. आणि पुढच्या मालिकेचा पहिला शॉट बाराच्या काट्यावर, वर. दहाऐवजी नऊ गुण. मग बाकीचे शॉट व्यवस्थित. पुन्हा विश्रांती, पुन्हा पहिला वर.

मी तिला काय काय सांगितलं ते आठवलं की आज वाईट वाटतं. विश्रांतीनंतर मन भरकटतं, गाल स्टॉकवर नीट टेकत नाही, घाईत चाप ओढतेस. तिने सगळं ऐकलं, वहीत लिहून घेतलं, घरी भिंतीवर ठिपका काढून त्यावर तासन्‌तास होल्डिंग, म्हणजे न मारता नेम स्थिर धरायचा सराव, केला. वर्षभर.

गेल्या महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी पुण्याहून आला. त्याच्याकडे छोटा रडार क्रोनोग्राफ, म्हणजे छर्‍याचा वेग मोजणारं यंत्र, होता, तळहातावर मावणारा. मुलांना गंमत म्हणून त्याने तो लेनवर ठेवला. तिच्या रायफलीचे आकडे मीटर प्रति सेकंदात असे आले:

१७८.२, १७१.६, १७१.१, १७०.९, १७१.३

तीन मिनिटं थांबून पुन्हा:

१७७.६, १७१.४, १७०.८, १७१.५, १७१.०

मग मी स्वतः त्याच रायफलीने मारलं. तोच नमुना. शेजारच्या लेनवरची रायफल घेतली तर पहिला शॉट आणि दहावा शॉट यांत दीड मीटरचासुद्धा फरक नाही.

मी रात्री घरी बसून हिशोब केला. पेलेटला (छर्‍याला) दहा मीटर जायला साधारण ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने सुमारे १८ मिलिमीटर खाली येतो, आणि साइट त्या हिशोबाने लावलेली असते. वेग चार टक्के वाढला की हे खाली येणं आठ टक्क्यांनी कमी होतं, म्हणजे छर्रा जवळजवळ १.४ मिलिमीटर वर लागतो. एअर रायफलच्या टार्गेटवर दोन वर्तुळांतलं अंतर २.५ मिलिमीटर. म्हणजे अर्ध्या गुणाहून जास्त. किंचित वरच्या अंगाला १०.३ बसला असता तो शॉट ९.७ ला बसतो, आणि कागदावर आपण नऊ लिहितो. मुलगी बरोबर होती. रायफल चुकत होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांसमोर मी तिला तसं सांगितलं आणि माफी मागितली. ती काही बोलली नाही. भिंतीवरचा ठिपका आता पुसू का, एवढंच तिने विचारलं.

रायफल मेकॅनिककडे पाठवली आहे. संशय रेग्युलेटरवर, म्हणजे सिलिंडरमधली हवा प्रत्येक शॉटला सारख्याच दाबाने पुढे सोडणाऱ्या भागावर, आहे. काय निघतं ते इथे लिहीन. तोवर, तुमच्यापैकी कुणी रडार क्रोनोग्राफ वापरला असेल तर अनुभव लिहा. क्लबचा स्वतःचा एक घ्यावा असं मनात आहे.

---

शेवग्याची_फुलं

वाचून गलबलून आलं. माझा मुलगा चिपळूणला शिकतो. त्यालाही सारखं "कॉन्सन्ट्रेशन नाही" ऐकावं लागतं. हे यंत्र काम कसं करतं ते कुणी साध्या भाषेत सांगेल का? इतक्या छोट्या छर्‍याचा वेग ते न शिवता कसं मोजतं?

---

तरंगलांबी

ताई, प्रयत्न करतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो.

मुंबई-गोवा हायवेवर उभं राहा. समोरून येणाऱ्या ट्रकचा भोंगा चढा ऐकू येतो, ट्रक पुढे गेला की उतरतो. ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ मध्ये हे मांडलं. रडार क्रोनोग्राफ भोंग्याच्या जागी रेडिओलहर वापरतो, बहुतेक यंत्रांत २४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासची. ती छर्‍यावर आपटून परत येते. छर्रा लांब पळत असतो, म्हणून परत आलेली लहर किंचित उतरलेली असते. किती उतरली, ते मोजायचं.

गणित सुटसुटीत आहे. २४ गिगाहर्ट्‌झला दर मीटर प्रति सेकंदामागे १६० हर्ट्‌झ फरक पडतो. १७१ मीटर प्रति सेकंदाचा पेलेट म्हणजे सुमारे २७,३६० हर्ट्‌झ. यंत्रातला छोटा संगणक तेवढा "सूर" वेगळा काढतो आणि भागाकार करून आकडा दाखवतो. हायवेवर पोलिसांची रडार स्पीडगन चालते ती याच तत्त्वावर.

जुन्या ऑप्टिकल क्रोनोग्राफपेक्षा यात मूलभूत फरक आहे. तिथे ठरावीक अंतरावर दोन प्रकाशसेन्सर असतात, वर छत्रीच्या काड्यांसारखी चौकट. छर्‍याची सावली पहिल्यावर पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद. दोन सेन्सरमध्ये ६० सेंटिमीटर धरले तर १७१ च्या पेलेटला तिथून जायला साडेतीन हजारांश सेकंद लागतात. चौकट हलली, अंतरात तीन मिलिमीटरची चूक झाली, की थेट अर्ध्या टक्क्याची चूक. शिवाय आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर साधी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, ती त्या सेन्सरला सावलीसारखी वाटू शकते. आणि नेम जरा खाली गेला तर यंत्रच फुटतं.

रडारला एकच पथ्य: कोन. लहर छर्‍याच्या वाटेला जितकी तिरपी, तितका वेग कमी दिसतो. ५ अंशाला ०.४ टक्के, १० अंशाला दीड टक्का. म्हणून यंत्र नळीच्या तोंडाजवळ, वीतभर बाजूला, थोडं मागे ठेवतात. छर्रा जसा दूर जातो तसा कोन आपोआप लहान होतो. यंत्र पुढच्या अनेक ठिकाणी वेग मोजतं आणि त्यावरून मागे जाऊन नळीच्या तोंडाशी किती होता ते काढतं. चांगली यंत्रं ०.१ टक्का अचूकतेचा दावा करतात, म्हणजे १७१ ला पाव मीटरसुद्धा नाही.

---

जांभा_चिरा

तरंगलांबी सर, फार छान समजावलंत. कोनाचा अनुभव आम्हालाही आला. सुरुवातीला यंत्र लोखंडी स्टँडवर, पत्र्याच्या पार्टिशनला टेकवून ठेवलं होतं आणि दहापैकी तीन शॉट पकडलेच जात नव्हते. लाकडी स्टूलवर, पार्टिशनपासून हातभर दूर घेतलं, तोंड टार्गेटकडे सरळ केलं. मग दहापैकी दहा.

एक मोठा फायदा लिहायचा राहिला. ऑप्टिकल चौकट फायरिंग लाइनच्या पुढे मांडावी लागते. दर वेळी ती हलली की सगळ्या रायफली रिकाम्या, नळीत सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण), मग कुणीतरी पुढे जायचं. रडार लाइनवरच राहतो. पंधरा मुलं असलेल्या शेडमध्ये कुणालाही लाइन ओलांडावी लागत नाही, ही गोष्ट माझ्या लेखी आकड्यांइतकीच मोलाची आहे.

---

कुडाळकर_भाऊ

भावानू, बरा लिवलास. माका येक सांगा. आमच्या हयसर जून ते सप्टेंबर पत्र्यार पाऊस असो वाजता की बाजूच्याचा बोलणा आयकाक येणा नाय. त्या आवाजान ह्यां यंत्र फसात काय? आणि पावसाचे थेंब रडाराक दिसतत मां?

---

तरंगलांबी

भाऊ, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

आवाजाचं: काही यंत्रं, उदाहरणार्थ जुना लॅबरडार, शॉटचा आवाज ऐकून मोजायला सुरुवात करतात. एअर रायफलचा आवाज मुळात कमी, त्यामुळे तिथे वेगळा माइक किंवा धक्क्यावर चालणारा ट्रिगर जोडावा लागतो. पत्र्यावर पाऊस असताना असं यंत्र वापरणं अवघडच जाईल. २०२३ च्या शेवटी आलेला गार्मिनचा झिरो किंवा तशी छोटी यंत्रं आवाजाची वाट बघत नाहीत. रडार चालूच असतो आणि समोरून छर्रा गेला की ती स्वतःहून ओळखतात. तुमच्याकडे असंच घ्या.

थेंबांचं: रडारला थेंब दिसतात. पण मोठ्यातला मोठा थेंब सेकंदाला नऊ-एक मीटरने पडतो, म्हणजे १,४४० हर्ट्‌झ. वरचा पंखा घ्या, १.२ मीटर व्यासाचा, मिनिटाला ३०० फेरे. त्याच्या पात्याचं टोक १९ मीटर प्रति सेकंदाने फिरतं, म्हणजे सुमारे ३,००० हर्ट्‌झ. छर्रा २७,००० च्या वर. इतक्या लांबच्या सुरांत गोंधळ होत नाही. वेगाची खालची मर्यादा सेट केली की पाऊस आणि पंखा दोन्ही आपोआप गाळले जातात.

---

कुडाळकर_भाऊ

समजला. देव बरे करो.

---

निवृत्त_तोफची

तोफखान्यात होतो, आता दापोलीला असतो. आमच्या तोफांवर बसवलेल्या रडारचं काम नेमकं हेच. त्याला मझल व्हेलॉसिटी रडार म्हणतात. प्रत्येक तोफेची नळी झिजते आणि एकाच दारूगोळ्याला दोन तोफांचा वेग वेगळा येतो. तो कळल्याशिवाय दूरचा मारा जुळत नाही.

वेग मोजण्याचा इतिहासही मोठा आहे. इंग्लंडात बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यात गोळी मारून, ठोकळा किती झुलतो त्यावरून वेग काढला. त्याआधी गोळीचा वेग कुणालाच धड माहीत नव्हता. हवेचा विरोध वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो हेही त्यानेच दाखवलं. मी मुरुडला गेलो की जंजिऱ्यावरची कलालबांगडी तोफ बघत उभा राहतो. तिचा गोळा किती वेगाने सुटायचा हे ती डागणाऱ्यांना माहीत असण्याचा मार्गच नव्हता. हात, डोळा आणि दारूचा अंदाज.

पॉइंट टू टू (.२२) बोअरच्या रायफलीबद्दल दोन शब्द. ५० मीटरच्या मॅचची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची, आणि वेग ३२५ च्या आसपास ठेवलेला असतो. आवाजाच्या वेगाखाली राहावं म्हणून, कारण आवाजाचा वेग ओलांडून खाली येताना गोळी डगमगते. वेगात एक टक्का फरक पडला तर ५० मीटरवर सव्वादोन-अडीच मिलिमीटर वर-खाली होतं. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. म्हणजे काडतुसांचा लॉट निवडताना क्रोनोग्राफ फार उपयोगी. आणि काडतुसांचा डबा मे महिन्याच्या उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. दारू तापली की वेग वाढतो.

---

सड्यावरचा_वारा

माझा अनुभव वेगळा आहे. आपली हवा दमट, म्हणून जड. त्यामुळे गोळी मंद होते. रत्नागिरीत साइट लावून आम्ही पुण्याला बालेवाडीला गेलो की सगळे शॉट वर जातात. सर, बरोबर ना?

---

तरंगलांबी

शॉट वर जात असतील, ते मी नाकारत नाही. कारण मात्र ते नाही.

दमट हवा जड नसते, हलकी असते. पाण्याच्या वाफेचा रेणू १८ वजनाचा, कोरड्या हवेचा सरासरी २९. वाफ आत शिरली की तेवढे जड रेणू बाहेर जातात. ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना आपली हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा साधारण दीड टक्क्याने हलकी भरते. घामामुळे आपल्याला ती जड वाटते.

पुण्याची हवा आपल्यापेक्षा विरळ आहे हे मात्र खरं. शहर ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब सहा-एक टक्क्यांनी कमी. पण दहा मीटरच्या पल्ल्यात त्याने शॉट वर जातो किती? मी मांडून पाहिलं, ०.१ मिलिमीटरच्या आसपास. ते डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. तुमचं कारण प्रकाशात असावं. शेडमध्ये बाजूने उजेड येतो, बालेवाडीच्या हॉलमध्ये वरून दिव्यांचा. साइटमधून दिसणारं काळं वर्तुळ आणि त्याभोवतीची पांढरी कड बदलते, आणि नेम नकळत सरकतो. दोन्हीकडे क्रोनोग्राफ लावा. वेग तोच आला तर रायफल आणि हवा दोन्ही निर्दोष ठरतील.

तोफची काकांच्या मुद्द्याला जोडून: ३२ अंशाला आवाजाचा वेग ३५० असतो, शून्य अंशाला ३३१. म्हणजे ३२५ ची गोळी हिमाचलच्या थंडीत काठावर असते, आणि आपल्या किनाऱ्यावर तिला भरपूर मोकळीक मिळते.

---

सड्यावरचा_वारा

प्रकाशाचं पटलं. पुढच्या वेळी मोजतो. दमट हवा हलकी हे मात्र आजच कळलं, घरी सगळ्यांना सांगितलं.

---

पाखाडीची_पोर

आमच्या गटाकडे पैसे नाहीत, पण एक उपाय आम्ही केला तो लिहिते. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला. शॉटचा "फट्" आणि ट्रॅपवर, म्हणजे टार्गेटमागे छर्रे अडवणाऱ्या पेटीवर, आपटल्याचा "टक्". कॉम्प्युटरवर आवाजाच्या रेघा मोठ्या करून दोन्हींमधला वेळ मोजला. मोबाइल नेमबाजापाशी होता, म्हणून "टक्" परत यायला लागलेला वेळ वजा केला. २७ अंशाला आवाजाचा वेग ३४७, दहा मीटरला ०.०२९ सेकंद. आमचा एकूण वेळ ०.०९० आला, त्यातून हे वजा करून ०.०६१. म्हणजे सरासरी वेग १६४ च्या आसपास. नळीच्या तोंडाशी तो याहून जास्तच असणार, कारण पेलेट वाटेत मंदावतो.

हे चालेल का?

---

तरंगलांबी

उत्तम केलंत. मनापासून. आकडा एकटा घेऊ नका, पण एकाच रायफलीच्या दोन शॉटांची तुलना करायला ही पद्धत उपयोगी आहे. जांभा_चिरांच्या रायफलीत चार टक्क्यांची उडी होती. तेवढी उडी मोबाइलवरही दिसली असती, अडीच हजारांश सेकंद फरक पडला असता. एक-दोन मीटरचा फरक मात्र यात शोधू नका. आवाज नेमका कुठे सुरू झाला ते ठरवण्यातच तेवढी चूक होते.

---

जांभा_चिरा

हे वर्षभरापूर्वी माहीत असतं तर! मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात होता.

---

एकसष्ट_पेलेट

मी प्रत्येक डब्यातले पाच-पाच पेलेट मारून वेगाचं एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरतात ते) काढतो आणि सगळ्यात कमी एसडीचा डबा मॅचला नेतो. पाच शॉट पुरेत ना?

---

तरंगलांबी

नाही पुरत. संख्याशास्त्र सरळ सांगतं: पाच शॉटांवरून प्रमाण विचलन २ आलं, तर खरं विचलन १.२ पासून पावणेसहापर्यंत कुठेही असू शकतं. दहा शॉटांनी ते १.४ ते ३.७ वर येतं. तीस शॉट मारले तर १.६ ते २.७. म्हणजे पाच शॉटांवरून निवडलेला "चांगला" डबा हा बहुतेक वेळा योगायोग असतो.

सर्वांत जलद आणि सर्वांत मंद शॉटांतला फरक, ज्याला सगळे ईएस म्हणतात, तो तर शॉट वाढले की वाढतच जातो. पाच शॉटांत तो विचलनाच्या सरासरी २.३ पट, वीस शॉटांत ३.७ पट. एकाने पाच मारले, दुसऱ्याने वीस, आणि दोघांनी ईएसची तुलना केली, तर वीस मारणाऱ्यावर अन्याय होतो.

---

निवृत्त_तोफची

आणि वेग सारखा आला म्हणजे ग्रुपिंग, म्हणजे सगळे छर्रे जवळजवळ लागणं, आलंच असंही नव्हे. पेलेटच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा वेगवेगळा मिळतो. नळीला कुठला मानवतो ते क्लॅम्पमध्ये रायफल बांधून कागदावरच बघावं लागतं. शेवटचा शब्द कागदाचा.

---

शेवग्याची_फुलं

एक काळजी मांडते. मुलं आता प्रत्येक शॉटनंतर त्या पडद्याकडे बघत बसतील का? माझा मुलगा आधीच गुणांना घाबरतो. त्यात आणखी एक आकडा.

---

जांभा_चिरा

ताई, ही काळजी मलाही होती. आम्ही नियम केला आहे: रडार महिन्यातून एकदाच लेनवर येतो, आणि त्या दिवशी गुण लिहायचे नाहीत. पडद्याकडे मी बघतो, मुलं टार्गेटकडे. त्या दिवशी प्रत्येक रायफलीच्या वहीत वीस शॉट, सिलिंडरचा दाब आणि तापमान लिहितो. रायफलीची वही वेगळी, मुलाची वही वेगळी.

आणि ज्या दिवशी मुलगा म्हणेल "माझी चूक नाही, रायफलच तशी आहे", त्या दिवशी त्याला खोटं ठरवण्याआधी वही उघडायची. हे मी स्वतःला घालून घेतलेलं बंधन आहे.

पालकांसाठी आणखी एक, विषयाला सोडून आहे पण महत्त्वाचं: पेलेट शिशाचे असतात. आपल्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या डब्यातल्या पेलेटवर पांढरी भुकटी धरते. ते वापरू नका. आणि रेंजवरून उठल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना खायला देऊ नका.

---

वकिलीण_बाई

कायद्याची एक ओळ. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. ऊर्जा वेगावरूनच निघते. ०.५३ ग्रॅमचा पेलेट १७१ ने गेला तर पावणेआठ ज्यूल, म्हणजे मॅचची रायफल मर्यादेच्या खूप आत असते. पण कुणी जुनी, फेरफार केलेली रायफल विकत घेत असेल तर आधी वेग मोजून घ्या.

---

जांभा_चिरा

मंडळी, मेकॅनिकचा फोन आला. काय निघालं ते सांगतो.

रेग्युलेटर उघडल्यावर आत तपकिरी ओल होती. स्प्रिंगच्या वॉशरवर गंज, आणि सीलला बारीक चर पडलेली. रायफल नुसती उभी असली की सिलिंडरमधली जास्त दाबाची हवा त्या चरीतून हळूहळू पुढच्या कप्प्यात झिरपायची आणि तिथला दाब चढायचा. दोन-तीन मिनिटांत पुरेसा चढला की पहिला शॉट जोरात. पुढचे शॉट लागोपाठ, झिरपायला वेळच नाही, म्हणून ते नेहमीच्या वेगाने. तिच्या विश्रांतीचा आणि वर गेलेल्या शॉटचा संबंध असा होता.

ओल आली कुठून? मेकॅनिकने विचारलं, हवा कशी भरता. आम्ही हातपंपाने भरतो. पावसाळ्यातसुद्धा, त्याच शेडमध्ये.

---

तरंगलांबी

मग उलगडा झाला. बघा: २०० मिलिलिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायचा म्हणजे बाहेरची ४० लिटर हवा आत कोंबायची. जुलैतल्या आपल्या हवेत घनमीटरला २५-२६ ग्रॅम पाणी असतं. ४० लिटरमध्ये एक ग्रॅम. इतक्या दाबाखाली तेवढ्या जागेत वाफेच्या रूपात त्यातला शंभरावा हिस्सासुद्धा राहू शकत नाही, बाकीचं पाणी होतं. काही पंपाच्या फिल्टरमध्ये अडकतं, उरलेलं सिलिंडरमध्ये जातं. दर वेळी थेंबभर गेलं तरी वर्षभरात किती झालं! पंपाचा फिल्टर शेवटचा कधी बदललात?

---

जांभा_चिरा

बदललाच नव्हता. बदलायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. ही चूक माझी.

---

तारकर्लीचा_पाणबुड्या

मी मालवणात स्कूबाचं काम करतो, नेमबाजीतलं काही कळत नाही, पण हा धागा पहिल्यापासून वाचतोय. आमच्या टाक्यांतली हवा माणसाच्या फुप्फुसात जायची असते, म्हणून कॉम्प्रेसरला ओल काढणारे फिल्टर असतात आणि ते तासांच्या हिशोबाने बदलतो. टाकी २०० बारची. योग्य अडॅप्टर असेल तर त्यातून तुमचे छोटे सिलिंडर भरता येतील. एक टाकी तुम्हाला बरेच दिवस पुरेल. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची मजबुती तपासणं) झालेली असल्याची तारीख बघूनच घ्या. तुमच्या सिलिंडरचीही तारीख बघा.

---

निवृत्त_तोफची

शेवटचं वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवा. मॅचच्या सिलिंडरवर मुदत कोरलेली असते, सहसा दहा वर्षांची, आणि ती पाळण्याची जबाबदारी नियमाने खेळाडूची असते. जुना सिलिंडर स्वस्तात मिळाला म्हणून मुलाच्या गालाजवळ २०० बार ठेवू नका.

---

जांभा_चिरा

काका, आजच सगळे तपासले. एकाची मुदत संपली होती, तो दाब सोडून बाजूला काढला.

रायफल काल परत आली. नवीन सील, आतून सगळं कोरडं. तीच मुलगी, तेच पेलेट, रडार स्टूलवर. तीन मिनिटं थांबून पहिला शॉट १७१.४. मग १७१.०, १७१.२, १७०.८, १७१.३. पुन्हा तीन मिनिटं. पहिला १७१.२.

तिला आकडे सांगितले नाहीत. तिने टार्गेट ओढून घेतलं आणि पहिल्या शॉटचं भोक बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "सर, आता विश्रांती घेतली तर चालेल ना?"

पाणबुड्या भाऊ, टाकी आणि अडॅप्टरबद्दल तुम्हाला निरोप पाठवला आहे. रविवारी सकाळी मालवणला येतो, बरोबर दोन मुलं असतील. हातपंपाला नवा फिल्टर बसवला आहे, पण जून ते सप्टेंबर तो कपाटातच राहील.